मुद्देमाल

कुलूप नवीन होतं. मेस्त्रींचं कुलूप पितळेचं, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, आणि ते जेवायला गेले की दाराच्या कडीत तिरकं लोंबकळत असे. हे लोखंडी होतं, काळं, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून गाठीवर लाख ओतली होती. लाख वाळण्याआधी एक थेंब खाली ओघळून दाराच्या हिरव्या रंगावर थिजला होता. दोन्ही कुबड्या काखेत दाबून ती त्या थेंबाकडे बघत उभी राहिली. बेलिफाच्या मुलीला लाखेचं सील म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको होतं. लहानपणी वडिलांच्या कोटाच्या खिशात लाखेची कांडी असायची आणि तिचा वास त्यांच्या रुमालाला, बोटांना, कधी कधी तिच्या केसांनाही यायचा. पण तेव्हा सील नेहमी दुसऱ्यांच्या दारावर असायचं. दाराआड काय आहे याच्याशी तिचा काही संबंध नसायचा. या दाराआड तिचा पाय होता.

डावा, गुडघ्याखालचा. आठवड्यापूर्वी तिने तो स्वतःच काढून मेस्त्रींच्या हातात दिला होता. चालताना आत हवा अडकून पचक असा आवाज यायला लागला होता. शिवणकारखान्यातल्या पोरी तो ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि तिला तेच जास्त लागायचं. मेस्त्रींनी आत बोट फिरवून पाहिलं होतं. चांभार जोड्यात बोट फिरवतो तसं नव्हे, डॉक्टर घशात बघतो तसं. "अस्तर बदलतो, ताई. खुंट बसतो ती वाटीही थोडी घासावी लागेल. आठवडाभर कळ काढा." तिने कळ काढली होती. आज बसमध्ये येताना तर तिने ठरवूनही टाकलं होतं की जाताना दोन थांबे आधी उतरायचं आणि उगाचच चालायचं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने काचेतून तिला पाहिलं असावं. तो बाहेर आला, पण तिच्याजवळ न येता आपल्याच पायरीवर थांबला. सील लागलेल्या दाराजवळ जायला लोक बिचकतात, देवीचा रोगी असलेल्या घराजवळ जायला बिचकत असत तसे.

"सरकारी माणसं आली होती," तो म्हणाला. "मेस्त्रींचा धाकटा भाऊ परदेशातून पायांचं सामान मागवायचा ना, त्या खोक्यांतून म्हणे भलतंच काहीतरी यायचं. त्याला धरलं. मेस्त्रींनाही चौकशीला नेलं. दुकान भावाच्या नावावर होतं."

"आणि माझा पाय?"

त्याने तिच्या कुबड्यांकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं, जिथे एकच चप्पल होती, आणि मग घाईने वर.

"आत असेल तर जप्त झाला," तो म्हणाला आणि आपण काहीतरी अभद्र बोललो असं वाटून त्याने जीभ चावली.

घरी जाताना ती कुठल्याच थांब्यावर आधी उतरली नाही. तिसऱ्या मजल्यावर चढताना एकेका पायरीवर आधी कुबड्या, मग उजवा पाय, मग श्वास, असं करत ती वर आली आणि तिला सारखं वाटत राहिलं की कसलीतरी चूक झाली आहे, साधीशी, दूधवाल्याने शेजाऱ्याची पिशवी आपल्या दाराला अडकवावी तशी. उद्या जाऊन सांगितलं की संपलं. अहो, तो दुकानातला नाही, माझा आहे. कुणाला पटणार नाही? पाय कुणाचा हा काय वाद घालायचा विषय आहे?

वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीपाशी बसून असायचे आणि जगात त्यांच्याविना जप्त्या होत आहेत याचं त्यांना किंचित आश्चर्य वाटत असावं. ते उठले, कपाटातला काळा कोट काढला आणि त्याच्यावरची कसर झटकली. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. घरातली भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. कायदाच आहे तसा. पोरी, हे तर त्याहून साधं." त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांनी धार आली होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं दुःखही झालं, कारण त्यासाठी तिचा पाय जावा लागला होता.

वडिलांचं काम तिने एकदाच डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा ती शाळेत होती आणि दोन पायांची होती. शाळेतून येताना एका गल्लीच्या तोंडाशी तिला वडील दिसले, आणि त्यांच्यामागे दोन हमाल एक मोठा आरसा आडवा धरून आणत होते. आरशात आकाश होतं, तारा होत्या, वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या उलट्या हलत होत्या. आणि आरशामागून एक बाई चालत होती. रडत नव्हती की भांडत नव्हती. हमाल वळले की आरसा वळायचा आणि त्यात ती बाई दिसायची, मग नाहीशी व्हायची, मग पुन्हा दिसायची. ती कोपऱ्यापर्यंत आली आणि आरसा गाडीत चढेपर्यंत स्वतःकडे बघत राहिली. वडिलांनी तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं, आपल्या मुलीलाही. त्या संध्याकाळी तिने विचारलं होतं, "बाबा, त्या बाईचा आरसा आता कुणाचा?" वडील म्हणाले होते, "सध्या कुणाचाच नाही." वस्तू काही काळ कुणाचीच नसू शकते हे तिला तेव्हा फार भयंकर वाटलं होतं. रात्री अंथरुणात पडून तिने त्या आरशाचा विचार केला होता. कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून तो उभा आहे आणि त्यात कुणीच नाही.

जप्ती विभागातला साहेब तरुण होता आणि नीट बोलणारा होता. तो उद्धट असता तर बरं झालं असतं. त्याने वडिलांना खुर्ची दिली, तिला खुर्ची दिली, तिच्या कुबड्या स्वतः घेऊन भिंतीला टेकवून ठेवल्या. टेबलाच्या काचेखाली त्याच्या लहान मुलीचा फोटो होता. वडिलांनी आपली ओळख सांगितली, किती वर्षं नोकरी केली ते सांगितलं, आणि मग काल पाठ करून ठेवलेलं ते वाक्य, भांडी, कपडे, हत्यारं. साहेबाने मान डोलावली.

"काका, तुमचं अगदी बरोबर आहे. पण ती जप्ती वेगळी. तिथे माणसाने काहीतरी द्यायचं असतं, दिलं की वस्तू सुटते. तिथे वस्तू ओलीस असते. इथे वस्तूच आरोपी आहे."

"वस्तू आरोपी?" वडील म्हणाले.

"माल त्या पायांच्या आत भरून यायचा. पोकळ नळ्यांमधून. त्यामुळे दुकानातला प्रत्येक पाय मुद्देमाल झाला. खटल्याचा पुरावा. निकाल लागेपर्यंत सरकारच्या ताब्यात, आणि मग सरकार ठरवेल."

"पण माझा मी वापरत होते," ती म्हणाली. "किती वर्षं वापरतेय. अंगावरचं घेता येत नाही ना?"

साहेबाला खरंच वाईट वाटलं. त्याने नजर खाली वळवली, फोटोकडे.

"अंगावर नव्हता ना, मॅडम. दुकानात होता."

जिना उतरताना वडील एका पायरीवर थांबले. तिला वाटलं त्यांना धाप लागली. ते कठड्याला धरून उभे होते आणि त्यांचा काळा कोट खांद्यांवरून उतरल्यासारखा दिसत होता. "बरोबर बोलला तो," ते म्हणाले. "कायद्याने बरोबर आहे." त्यानंतर ते तिच्याबरोबर कधी आले नाहीत. तो कोट त्यांनी कपाटात ठेवला नाही, खुर्चीच्या पाठीवरच राहिला, आणि ते खिडकीकडे पाठ करून बसू लागले.

शिवणकारखान्यात ती कटर होती. शाळांचे, कारखान्यांचे, दवाखान्यांचे गणवेश. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, एकावर एक, काठाला काठ लावून, वर पुठ्ठ्याचे खाके ठेवून खडूने आखायचं आणि मग कात्री चालवायची. एक थर सरकला तर खालचे सगळे सदरे वाकडे. हे काम बसून होत नाही. कंबरेतून वाकावं लागतं, टेबलाच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत जावं लागतं, अंगाचा भार कात्रीत उतरवावा लागतो आणि तो भार जमिनीतून वर यावा लागतो. कुबड्या काखेत धरून कात्री धरता येत नाही. माणसाला हात दोनच असतात. मालकीणबाईंनी काही दिवस वाट पाहिली. मग म्हणाल्या, "तोवर काज-बटणांवर बस. तुझी जागा कुठे जात नाही." टेबलावर एक नवीन मुलगी आली. कापड अंथरताना ती सुताचे तुकडे हाताने न झाडता फुंकर मारून घालवायची. बटणं लावता लावता ती त्या मुलीकडे पाहायची आणि कात्रीच्या आवाजावरून तिला कळायचं, पाती कुठे अडली, कुठे घसरली. सांगावंसं वाटायचं. पण काज-बटणांवर बसलेल्या बाईने कटरला काय सांगायचं?

तिला आता एक विचित्र गोष्ट व्हायला लागली होती. खरा पाय गेल्यानंतर कितीतरी वर्षं तिला तो असल्यासारखा वाटत आला होता. अंगठ्याला खाज यायची, टाचेत मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, मेंदू विसरत नाही. पुढे मेस्त्रींचा पाय आला आणि ती खाज त्या पायात शिरून बसली, जशी एखादी भाडेकरीण नव्या घरात राहायला जावी आणि हळूहळू तिथलीच व्हावी. आता तो पायही गेल्यावर खाज परत आली, पण खऱ्या पायात नव्हे. रात्री दिवा मालवला की तिला जाणवायचं, तो बंद दुकानात फळीवर आडवा पडला आहे. थंडी वाजते आहे. धूळ बसते आहे. बूट अजून घोट्याला आवळून बांधलेला आहे, तो निळा कापडी बूट, आणि आत कुणाचं तरी बोट फिरून गेलं आहे, मेस्त्रींचं नव्हे, परक्याचं. ती उठून बसायची आणि गुडघ्याखालचा खुंट दोन्ही तळहातांत धरायची. तो गरम असायचा. दिवसेंदिवस तो फुगत चालला होता. वाटीत आवळलेला असला की तो आकारात राहतो, मोकळा सोडला की पसरतो, हे मेस्त्रींनीच सांगितलं होतं.

मेस्त्री एकदा घरी येऊन गेले. चौकशीतून सुटले होते. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, हात मांडीवर ठेवले, आणि ते हात तिला ओळखू येईनात. काम नसलेले हात किती मोठे दिसतात. "हत्यारं आत, साचे आत, मापं आत," ते म्हणाले. "मला काही ठाऊक नव्हतं, ताई. पण कुणाला सांगू? सख्खा भाऊ." त्यांनी सरकारी इस्पितळात नंबर लावायला सांगितलं. तिने तो आधीच लावला होता. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं होतं. बाहेरच्या मोठ्या दुकानात जायची तिची ऐपत नव्हती. हे दोघांनाही माहीत असल्यामुळे तो विषय कुणी काढला नाही.

अर्ज घेऊन ती विभागात जात राहिली. तिथल्या बाकांवर आणखी माणसं असायची, आणि त्यांतली एक नर्सबाई होती. नर्सबाई तिला मेस्त्रींच्या दुकानापासून ओळखीची. धिप्पाड, पांढऱ्या केसांची, बोलायला लागली की आजूबाजूच्यांना हसायला लावणारी. तिचाही डावाच पाय, तोही दुरुस्तीला दिलेला त्याच दुकानात अडकलेला. पहिल्या भेटीतच ती म्हणाली होती, "काय बाई नशीब, दोघींचा डावाच. एकीचा उजवा असता तर चपलांच्या एका जोडात दोघींचं भागलं असतं." आता तिला भाचा चाकाच्या खुर्चीवरून ढकलत आणायचा.

"मी नाही अर्ज करणार," नर्सबाई म्हणाली. "जन्मभर माणसांना सुया टोचल्या, आता कागदांना टाचण्या कोण टोचणार? आज शेवटचं विचारायला आले. माझं वॉर्डातलं काम सुटलं ते सुटलंच. भाच्याकडे असते मी आता, तळमजल्यावर, जिना नाही म्हणून. खिडकीतून लोकांचे पायच तेवढे दिसतात बघ. कमरेपासून खालचे. सकाळी ऑफिसला जाणारे, दुपारी शाळेतून येणारे. चांगली करमणूक आहे." ती हसली आणि मग हसू तोंडावर तसंच ठेवून तिने हिचा हात धरला. "अगं, तुझा सुटला तर तिथे माझाही बघशील? पांढरा बूट आहे त्याला. असला तर मला कळव, मग मी भाच्याला घेऊन येईन, कुणाच्या पाया पडायचं ते पडेन. एकाच पायाने." हिने नंबर लिहून घेतला, आपलाही दिला. "बघते ना. नक्की बघते," ती म्हणाली. आणि तेव्हा ते खरं होतं.

किती महिने गेले ते तिने मोजलं नाही. मोजलं असतं तर आशा धरल्यासारखं झालं असतं. खरा पाय गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बांधकामाची परांची कोसळली आणि ती खालून चालली होती, एवढीच गोष्ट. त्या गोष्टीला ना मागचं होतं ना पुढचं. शुद्धीवर आल्यावर पहिला विचार दुखण्याचा नव्हता, तो कुठे आहे हा होता. ती विचारत राहिली, कुठे ठेवलाय? आया म्हणाली, झोपा. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. शेवटी तिला कळलं की वडिलांनी सही दिली होती. सही दिल्यावर तो तिचा राहिला नव्हता. इस्पितळाचा झाला होता, आणि इस्पितळाने त्याचं जे करायचं ते केलं होतं. वडिलांवर ती कधी रागावली नाही. सही केली नसती तर ती जगली नसती. पण तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की आपलं शरीर हे आपल्याकडे राहायला दिलेलं आहे, आणि योग्य माणसाने योग्य ठिकाणी सही केली की ते नेता येतं. बाकीचे लोक हे न कळता जगतात. ते दोन पायांवर उभे राहतात आणि समजतात की जमीन त्यांची आहे.

मग एक दिवस कागद आला. खटला अजून चालूच होता, पण पायांची तपासणी पूर्ण झाली होती. ज्यांचे अर्ज आहेत त्यांनी गोदामात येऊन वस्तू ओळखून न्यावी. वडिलांना तिने वाचून दाखवलं. ते मान वर न करता म्हणाले, "सुटला म्हणायचा."

गोदाम शहराच्या कडेला होतं. आत गोदामवाला एका जुन्या खुर्चीत रेडिओ ऐकत बसला होता, गळ्याभोवती मफलर, चेहरा मायाळू. त्याने तिला पाणी दिलं, रेडिओ बंद केला आणि तिच्या चालीने चालत तिला मागच्या खोलीत नेलं. लोखंडी मांडण्यांवर पाय ठेवले होते. लांब, आखूड, डावे, उजवे, प्रत्येकाच्या घोट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ओळखायला तिला वेळ लागला नाही. निळा कापडी बूट दिसला आणि ती कुबड्या भराभर टेकत त्याच्यापाशी गेली. मग ती पलीकडच्या बाजूला गेली आणि तिला दिसलं. पाय उभा चिरलेला होता. वाटीपासून घोट्यापर्यंत, यंत्राने, सरळ रेषेत. कापड कापणाऱ्या बाईला ती रेष चांगली आहे हे कळलं, कुठे हात हलला नव्हता. आतलं पिवळट भुसभुशीत फोम बाहेर आलं होतं. मेस्त्रींनी बसवलेलं नवीन अस्तर अर्धं अर्धं दोन्हीकडे लोंबत होतं. अस्तर बदलून झालं होतं तर. तयार होता तो.

"नळी तपासायला कापावेच लागले," गोदामवाला म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काहीतरी चांगलं सांगावंसं वाटलं. "तुमच्यात काही निघालं नाही, ताई. तुमचा निर्दोष आहे."

ती मांडणीला टेकून उभी राहिली. रडू आलं नाही. खोलीत कसलातरी बारीक भुगा तरंगत होता आणि तो तिच्या जिभेवर बसत होता. तिला वाटलं आपण परत घरी जाणार, वडील विचारणार, मिळाला? आणि आपण हो म्हणून पिशवीतून दोन फाका काढून टेबलावर ठेवणार. उद्या काज-बटणं. परवा काज-बटणं. ती नवीन मुलगी हळूहळू शिकेल, फुंकर मारायचं सोडून हाताने झाडायला लागेल, आणि मग ती जागा खरंच कुठे जाणार नाही, तिथेच राहील, त्या मुलीची होऊन.

"असं करा," गोदामवाला म्हणाला. त्याने आवाज उतरवला नाही. त्याला यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "शेवटी शेवटी यंत्राचं पातं मोडलं. त्यामुळे दोन-तीन तसेच राहिलेत, न कापलेले. त्यांचा अर्ज नाही कुणाचा. महिनाअखेर सगळंच जाळायचंय. त्यातला एखादा बसतो का बघा. कागदावर काय, पाय डावा, नग एक, एवढंच लिहिलंय."

खालच्या फळीवर होते ते. एक लहान मुलाचा. एक उजवा. आणि एक डावा, रुंद पोटरीचा, पांढऱ्या बुटाचा. बुटाला अजून खडूसारखं पांढरं पॉलिश होतं, वॉर्डातल्या फेऱ्यांसाठी लावलेलं.

"कुणाचा आहे हा?" तिने विचारलं. का विचारलं हे तिला कळलं नाही.

"कुणाचा नाही. सरकारचा." तो वाकला, त्याने पाय उचलला आणि फुंकर मारून धूळ उडवली. "घालून तर बघा."

तिने स्टुलावर बसून साडी वर घेतली. त्याने तोंड फिरवलं. तिला ठाऊक होतं की तो बसायचा नाही. नर्सबाई तिच्या दीडपट. पायमोजा चढवून तिने खुंट आत सरकवला आणि तो अलगद आत गेला, थोडा अडला, मग सगळीकडून आवळून बसला. इतके महिने मोकळा राहून तो पसरला होता. तिचा स्वतःचा पाय धडधाकट असता तरी आज तिला झाला नसता. सरकारने तिचं मापच बदलून टाकलं होतं. तिने पट्टा ओढला आणि ती उभी राहिली.

खाली जमीन होती. एवढंच. इतक्या दिवसांत ती विसरली होती की जमीन दोन्ही बाजूंनी वर येते, की माणूस मधोमध उभा असतो, की हात दोन्ही रिकामे राहतात आणि त्यांचं काय करावं कळत नाही. तिने एक पाऊल टाकलं. कडेला कुठेतरी टोचलं, हाडाला घासलं. दुसरं टाकलं. गोदामवाला वळून बघत होता आणि त्याच्या तोंडावर खरा आनंद होता. "बघा," तो म्हणाला. "चालल्या की."

नर्सबाईचा नंबर तिच्या पर्समध्ये होता. फोनही होता. महिना संपायला अवकाश होता. हे सगळं तिच्या डोक्यात अगदी स्वच्छ, ओळीने होतं, आणि ते तिथे असताना तिचे हात आपलं काम करत होते. त्यांनी चिरलेल्या पायावरच्या बुटाची नाडी सोडली, निळा बूट काढला. पांढरा बूट काढून फळीवर ठेवला, निळा चढवला, नाडी बांधली. मग तिने सही केली. गोदामवाल्याने कुबड्या बाहेरपर्यंत आणून दिल्या, आणि त्या काखोटीला मारून ती बसपर्यंत चालत गेली.

"मिळाला?" वडिलांनी विचारलं.

"मिळाला."

ते तिच्या चालण्याकडे कान देऊन राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात वस्तू पारखलेला माणूस. "आवाज वेगळा येतोय," ते म्हणाले.

"अस्तर नवीन आहे."

त्यांनी मान हलवली. उठून खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला आणि कपाटात नेऊन लावला.

फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी आला. ती टेबलापाशी होती. नवीन मुलीला मालकीणबाईंनी काज-बटणांवर बसवलं होतं. समोर दवाखान्याच्या गणवेशाचं पांढरं कापड थरावर थर अंथरलेलं होतं आणि ती खडूने बाहीचा खाका आखत होती. खुंट सोलवटला होता. सकाळी तिने त्यावर कापूस बांधला होता.

"अगं, कळलं मला, बोलावणं आलं होतं म्हणे तुला," नर्सबाई म्हणाली. मागे कुठेतरी मुलं ओरडत होती. "जाऊन आलीस?"

"आले."

"मग?"

"सगळे चिरलेत," ती म्हणाली. "उभे. आत काय आहे बघायला."

"माझा?"

तिने खडू टेबलावर ठेवला. तो घरंगळत कडेपर्यंत गेला आणि थांबला.

"तुमचापण."

"पाहिलास तू?"

"पाहिला."

"पांढरा बूट होता बघ त्याला."

"होता."

 पलीकडून नर्सबाईचा श्वास ऐकू आला, लांब, ओझं खाली ठेवल्यासारखा. "बरं झालं बाई सांगितलंस. मी उगाच रोज वाट बघत बसायचे. भाचा म्हणत होता, चल, एक दिवस रजा काढतो, जाऊन बघू. आता त्याचीही रजा वाचली." मग ती म्हणाली, "तू माझ्यासाठी तिथवर गेलीस, कुबड्यांवर. कोण करतं एवढं. तुझंही काही हाती लागलं नसेलच."

तिने कडेला थांबलेला खडू उचलला.

"बस जरा आता. फार उभी राहू नकोस," नर्सबाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मालकीणबाईंनी टेबलापलीकडून विचारलं, कुणाचा फोन गं? ओळखीच्या होत्या, ती म्हणाली. तिने कात्री घेतली, पात्यांमध्ये पांढरा थर धरला आणि अंगाचा सगळा भार डाव्या पायावर टाकला, मुद्दाम, हाडाला लागेल असा. मागे स्टूल होतं. संध्याकाळी दिवे लागून, पोरी मशीन बंद करून एकेक करून निघून जाईपर्यंत ती उभ्याने कापत राहिली.